वर्डच्या फायली लिब्रेऑफिसने उघडायच्या का? त्या चौकटींत टिक करण्याआधी

एका माध्यमिक शाळेत लिपिक असलेल्या ताईंनी विचारलंय: "ऑफिसात दोन मशीन आहेत. जुन्यावर ऑफिस २०१०, रीतसर विकत घेतलेलं. नव्या लॅपटॉपवर ऑफिस चाचणीपुरतं आलं होतं, त्याची मुदत संपली, म्हणून लिब्रेऑफिस, ते फुकट मिळणारं ऑफिस, टाकायला घेतलं. मध्येच एक पान येतं: वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटच्या फायली यानेच उघडायच्या का? टिक करू की नको? मागे जुन्या मशीनवर कोणीतरी टिक केली आणि सगळ्या फायलींची चित्रंच बदलली. सर म्हणाले फायली बिघडल्या, म्हणून घाईघाईने काढून टाकलं."

ताई, नव्या लॅपटॉपवर सगळ्या चौकटींत टिक करा, जुन्या मशीनवर एकाही नको. तुमच्यापुरतं उत्तर एवढंच. पण हेच उत्तर शेजारच्या शाळेला लागू पडेल असं नाही आणि तुमच्याकडेही एका फायलीच्या बाबतीत मी वेगळं सांगणार आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी अठरा वर्षं सोसायट्या, शाळा, पतसंस्था आणि सीएंच्या ऑफिसातली मशीनं बघतोय. या एका पानावरून जेवढे फोन येतात तेवढे व्हायरसवरूनही येत नाहीत.

आधी त्या चित्रांची भीती काढू. फायलीवर दिसणारं चित्र फायलीचं नसतंच, ती उघडणाऱ्या प्रोग्रॅमचं असतं. दारावरची पाटी बदलली म्हणून आतलं बिऱ्हाड बदलत नाही, तसंच हे. खात्री करायची असेल तर एखाद्या फायलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि साइझ व मॉडिफाइड तारीख कागदावर लिहून ठेवा. मग टिक करा, चित्र बदलू द्या आणि पुन्हा बघा. आकडा एका बाइटनेही हललेला नसेल. मी सरांना हेच करून दाखवतो. तोंडी सांगितलेलं पटत नाही, कागदावरचं पटतं.

विंडोज फायलीच्या आत डोकावत नाही. नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं बघते (डॉकएक्स, एक्सएलएस, सीएसव्ही, जे असेल ते) आणि त्या अक्षरांपुढे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कोणाचं नाव लिहिलंय ते शोधते. तिथे वर्ड असेल तर वर्ड, रायटर (लिब्रेऑफिसमधला वर्डसारखा प्रोग्रॅम) असेल तर रायटर. इन्स्टॉल होताना विचारलेला प्रश्न त्या नोंदीबद्दलचा असतो. बरं, विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ही नोंदही प्रोग्रॅमला परस्पर बदलता येत नाही. वापरणाऱ्याने स्वतः निवडलेला प्रोग्रॅम वेगळ्या जागी लिहिला जातो आणि त्यावर एक प्रकारचा शिक्का असतो. कुणी बाहेरून खाडाखोड केली की शिक्का जुळत नाही आणि विंडोज ती निवड रद्द करून मूळपदावर आणते. "ॲप डिफॉल्ट वॉज रीसेट" अशी सूचना कोपऱ्यात कधी दिसली असेल तर ती याचमुळे. म्हणून आजकाल त्या चौकटीतल्या टिकेचा अर्थ "मलाही या यादीत घ्या" एवढाच उरतो. नवं मशीन असेल, आधी कुणी निवड केलेली नसेल, तर टिकेने काम होऊन जातं. निवड झालेली असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः सांगावं लागतं. "टिक केली तरी वर्डच उघडतंय" असं म्हणणारे आणि "टिक केली नाही तरी विचारत बसतं" असं म्हणणारे दोघेही बरोबर असतात ते यामुळे.

आता खरा प्रश्न. कोणता प्रोग्रॅम चांगला, हा तो प्रश्न नाही. फाइल कुणाकडून आली आणि कुणाकडे परत जायची आहे, हे बघायचं. उघडल्याने काही बिघडत नाही, बिघडतं ते सेव्ह केल्यावर. डबल क्लिकचा तोटा इतकाच, की माणूस न बघता उघडतो, दोन शब्द बदलतो आणि हात आपोआप कंट्रोल-एसवर जातो. म्हणजे डबल क्लिकला कोण उठणार हे ठरवताना आपण खरं तर त्या फायलीवर सवयीने सेव्ह कोण करणार हे ठरवत असतो.

एका सोसायटीचं उदाहरण सांगतो. वार्षिक सभेची नोटीस, वर्डमध्ये नेटकी एका पानात बसवलेली. खाली सचिवांची सही. सचिवांच्या घरच्या मशीनवर ती रायटरमध्ये उघडली, तारीख बदलली, सेव्ह केली, छापायला पाठवली. दीडशे प्रती निघाल्या, प्रत्येकीत सही एकटी दुसऱ्या पानावर. वर कोरा कागद, मधोमध "आपला विश्वासू". दोष लिब्रेऑफिसच्या माथी आला. मी बघितलं तर मजकूर मंगल फॉन्टमध्ये होता आणि त्या मशीनवर मंगल नव्हताच. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे सगळे मूळ संचातून काढून "देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स" या जादा गठ्ठ्यात टाकलेत. सोबत येतो तो निर्मला यूआय. फॉन्ट बदलला, ओळींची उंची बदलली, दोन ओळी खाली सरकल्या. वर्ड असतं तरी त्या मशीनवर हेच झालं असतं. तेव्हा ताई, नव्या लॅपटॉपवर हा गठ्ठा आधी घालून घ्या. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स आहे, तिथे गठ्ठ्याचं नाव शोधलं की सापडतो. फाइल कशाने उघडायची यावर जितका खल होतो त्याच्या निम्मा जरी फॉन्टवर झाला तरी निम्म्या तक्रारी मिटतील.

फॉन्टवरून आठवलं. रायटरमध्ये मराठी मजकूर निवडून वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलला तरी काही वेळा ढिम्म हलत नाही, किंवा अख्ख्या स्टाइलमध्ये फॉन्ट बदलूनही मराठी तसंच राहतं. कारण रायटर रोमन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा लक्षात ठेवतो. फॉरमॅटमधल्या कॅरॅक्टरमध्ये गेलात की "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" असा वेगळा भाग दिसेल, देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथे द्यायचा. तो भाग दिसतच नसेल तर टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे तो चालू करा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली असतील, ज्या फॉन्ट नसला की निव्वळ इंग्रजी कचऱ्यासारख्या दिसतात, तर त्या दोन्हीकडे सारख्याच दिसतील. तिथे इलाज तो फॉन्ट टाकणं किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं.

सेव्हकडे परत येतो. डॉकएक्स फाइल रायटरमध्ये सेव्ह करताना एक चौकट येते: वर्डच्याच प्रकारात ठेवू की ओडीएफमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या प्रकारात? पुष्कळ जण ती इतक्यांदा बघून वैतागतात की "पुन्हा विचारू नको" करून टाकतात. मी करू देत नाही. फाइल परत पंचायत समितीला किंवा संस्थेच्या ऑफिसला जायची असेल आणि तिथे वर्ड असेल, तर वर्डचा प्रकार ठेवा. फाइल शाळेतच राहणार असेल, वेळापत्रक, रजेचे अर्ज, टिपणं, तर ओडीटीत (ओडीएफमधला मजकुराच्या फायलींचा प्रकार) ठेवा. हे लिब्रेऑफिसचं घरचं रूप आहे, २००६ पासून आयएसओचं मानकही आहे, आणि त्यात रायटर काहीच गाळत नाही. मात्र तीच फाइल आज वर्डमध्ये, उद्या रायटरमध्ये, परवा पुन्हा वर्डमध्ये अशी पत्त्यांसारखी पिसत राहू नका. साध्या पत्राला काही होत नाही. स्मार्टआर्टच्या आकृत्या, निवडीच्या चौकटी असलेले फॉर्म, मेल मर्जचे दुवे, आत पसरलेली मोठी टेबलं यांचं दरवेळी थोडं थोडं झिजतं. बाहेर जाणारी फाइल समोरच्याने फक्त वाचायची असेल तर पीडीएफ करून पाठवा.

आणि एक हात जोडून विनंती: नाव बदलून प्रकार बदलत नाही. डॉकएक्सचं ओडीटी असं नाव टाइप केलं की रूपांतर झालं असं समजणारे हुशार लोक मी पाहिलेत. रूपांतर "सेव्ह ॲज"ने होतं.

नव्या लॅपटॉपवर सगळ्या टिका का, तर तिथे दुसरं कोणी नाही म्हणून. मुदत संपलेलं ऑफिस फाइल दाखवतं, छापूनही देतं, पण बदल करू देत नाही. ते तसंच ठेवलंत तर डबल क्लिकला तेच उठेल आणि दरवेळी खातं मागेल. पण काढण्याआधी लॅपटॉपचं बिल आणि खोका बघा. आपल्याकडे बऱ्याच लॅपटॉपवर चाचणीचं आणि कायमचं अशी दोन्ही ऑफिसं येतात. खोक्यावर "होम अँड स्टुडंट" असं लिहिलेलं असेल तर ते मशीनसोबत विकत घेतलेलं असतं, फक्त ठरलेल्या मुदतीत चालू करून घ्यावं लागतं. एका मुख्याध्यापकांनी असं पैसे मोजलेलं ऑफिस चाचणीचं समजून उडवलं होतं. ते परत मिळवायला माझी एक दुपार गेली. तसं काही नसेल तर आधी जुनं काढा, मशीन बंद-चालू करा, मगच लिब्रेऑफिस टाका. सगळ्या चौकटी टिक. शेवटच्या पानावर "मशीन सुरू होतानाच लिब्रेऑफिस चढवून ठेवू का" असं विचारेल, ते नको. चार जीबी मेमरीच्या लॅपटॉपला उगीच भार.

त्यानंतर सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स. विंडोज ११ मध्ये वरच्या पट्टीत टिंबासकट डॉकएक्स टाइप करा, समोर कोण आहे ते दिसेल, त्यावर क्लिक करून लिब्रेऑफिस निवडा. मग एक्सएलएसएक्स, पीपीटीएक्स आणि जुने तीन, डॉक, एक्सएलएस, पीपीटी. सहा वेळा करावं लागतं, कंटाळवाणं आहे, पाच मिनिटं लागतात. सेटिंग्जमध्ये शिरायचं नसेल तर फायलीवर राइट क्लिक, ओपन विथ, दुसरं ॲप निवडा, आणि खाली "ऑलवेज" दाबा. "जस्ट वन्स" दाबलंत तर उद्या पुन्हा हेच.

जुन्या मशीनवर लिब्रेऑफिस ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण चौकटी कोऱ्या. ओडीटी, ओडीएस हे त्याचे स्वतःचे प्रकार, ते टिकेशिवायही त्याच्याकडे जातात. वर्डची एखादी फाइल त्यात बघावीशी वाटली तर राइट क्लिक, ओपन विथ. माझ्या स्वतःच्या मशीनवर मी असंच ठेवलंय. कारण वर्ड कधी कधी अगदी जुन्या फायली सुरक्षेच्या नावाखाली अडवतं, विंडोज ९५ च्या काळातल्या डॉक फायली त्यातल्याच, आणि रायटर त्या निमूट उघडतो. पेजमेकरच्या जुन्या फायलीसुद्धा त्याच संचातला ड्रॉ बऱ्यापैकी उघडतो. शाळेच्या जुन्या स्मरणिकेच्या फायली कुणाकडे पडून असतील तर करून बघा. पीडीएफ मात्र ड्रॉच्या ताब्यात देऊ नका. तो ती संपादनासाठी सुटी करतो आणि मराठी पीडीएफची तर पार जुडी सुटते. पीडीएफ ब्राउझरने उघडते तेच ठीक.

मग मॅक्रोवाल्या, म्हणजे आत छोटे प्रोग्रॅम लिहिलेल्या फायली, एक्सएलएसएम. आयकर आणि जीएसटीच्या एक्सेल युटिलिटी अशाच असतात, त्या एक्सेलसाठी लिहिलेल्या आहेत. कॅल्क, म्हणजे लिब्रेऑफिसमधला एक्सेलसारखा प्रोग्रॅम, त्यातला बराच भाग वाचतो, पण बटण दाबल्यावर मधल्या कुठल्या ओळीवर अडेल ते सांगता येत नाही. शाळेची अशी फाइल असेल तर ती जुन्या मशीनवरच भरा. नव्यावर ती कॅल्कने उघडली तर बघा, पण सेव्ह करू नका.

आता ती एक फाइल, जिच्याबद्दल मी हट्ट धरतो: सीएसव्ही. मघाच्या पानावर तिच्यासाठी चौकटच नसते, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. आणि खरं नुकसान होतं ते इथेच. पोर्टलवरून उतरवलेल्या विद्यार्थ्यांच्या याद्या, बँकेची स्टेटमेंट, ऑनलाइन फॉर्मची उत्तरं, पुष्कळदा सीएसव्ही असतात. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. कुठला रकाना आकडा, कुठला मजकूर, लिपी कुठल्या पद्धतीने साठवली, हे तिच्यात कुठेच लिहिलेलं नसतं. उघडणाऱ्याने अंदाज बांधायचा. एक्सेल तो न विचारता बांधतं.

एका पतसंस्थेत सभासदांची यादी अशी आली होती. क्लार्कने डबल क्लिक केलं, एका सभासदाचा मोबाइल क्रमांक दुरुस्त केला, सेव्ह केलं. एवढंच. शून्याने सुरू होणाऱ्या खाते क्रमांकांची शून्यं गेली. आधारचे बारा आकडे "१.२३ई+११" अशा अवतारात आले, आणि सीएसव्ही सेव्ह करताना एक्सेल पडद्यावर जे दिसतं तेच लिहितं, त्यामुळे मूळ आकडे फायलीतूनच नाहीसे झाले. सोळा आकडी क्रमांक होते, त्यांचा तर उघडतानाच शेवटचा आकडा शून्य झाला, कारण आकडा म्हणून पंधराच स्थळं नीट सांभाळली जातात. वस्तीच्या रकान्यात कुणी "५-६" लिहिलं होतं, त्याची तारीख झाली. हे सगळं तीन आठवड्यांनी कळलं, बँकेने यादी परत केली तेव्हा. मूळ फाइल मेलमध्ये होती म्हणून वाचलो.

मराठी नावांचं वेगळंच. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षर तीन बाइट घेतं, मात्राही वेगळी मोजून. फायलीच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण नसेल तर एक्सेल त्या तीन बाइटांची तीन वेगळी युरोपीय अक्षरं करून दाखवतं, डोक्यावर टोप्या आणि टिंबं असलेली. लोक म्हणतात पोर्टलच खराब आहे. पोर्टल ठीक असतं.

म्हणून दोन्ही मशीनवर (जुन्यावर लिब्रेऑफिस परत टाकून), वर्ड असो नसो, सीएसव्ही मी कॅल्कला देतो. कॅल्क आपोआप शहाणा आहे अशातला भाग नाही. न सांगता उघडली तर शून्यं तोही खातो. फरक इतकाच की तो उघडण्याआधी विचारतो. एक चौकट येते. त्यात कॅरॅक्टर सेटला युनिकोड यूटीएफ-८, खाली सेपरेटरला कॉमा. तळाशी यादीचा नमुना दिसतो. मराठी नावं तिथेच नीट दिसली पाहिजेत, नाही दिसली तर पुढे जाऊच नका. मग नमुन्यातल्या आधार, खाते क्रमांक, मोबाइल या रकान्यांच्या डोक्यावर क्लिक करायचं आणि वर "कॉलम टाइप"मध्ये टेक्स्ट निवडायचं. तीन क्लिक. त्यानंतर शून्यं जागेवर राहतात. जुन्या मशीनवर एक्सेलमध्येच काम करायचं असेल तर डबल क्लिक न करता डेटा टॅबमधलं "फ्रॉम टेक्स्ट" वापरा, तिथेही हेच सगळं विचारतात. पण ही शिस्त मला एकट्यालाही रोज पाळता येत नाही, तर चार जण बसणाऱ्या ऑफिसात काय पाळली जाणार. त्यापेक्षा विचारणाऱ्याच्या हाती दिलेलं बरं.

तर आतापर्यंत झालं ते असं: नव्यावर सगळ्या टिका आणि सेटिंग्जमध्ये सहा प्रकार, जुन्यावर एकही नाही, दोन्हीकडे सीएसव्ही कॅल्ककडे.

तुमच्या संगणक कक्षातही हेच करायचं असेल, दहा-पंधरा मशीनवर, तर प्रत्येकावर हाताने करत बसू नका. एका मशीनवर सगळं मनासारखं लावून घ्यायचं, डिझम नावाची विंडोजचीच आज्ञा ती निवड एका फायलीत उतरवून देते, आणि ती फाइल इतर मशीनवर चढवता येते. यात एक मेख आहे: अशी चढवलेली निवड त्यानंतर तयार होणाऱ्या नव्या खात्यांनाच लागते, आधीपासून असलेल्या खात्यांना नाही. त्यामुळे मुलांची खाती उघडण्याआधी हे करा. मशीनं डोमेनवर, म्हणजे एका सर्व्हरच्या ताब्यात, असतील तर ग्रुप पॉलिसीतून ती निवड प्रत्येक लॉगिनला लावता येते, पण त्यासाठी तुमच्या संगणक शिक्षकांना सोबत घ्या.

अधूनमधून निवड आपोआप फिरलेली दिसेल. नव्या ऑफिसचं मोठं अपडेट किंवा दुरुस्ती झाली की ते आपल्या फायली परत मागतं, आणि फुकट मिळणारी काही इतर ऑफिसं तर मागतही नाहीत, सरळ बसतात. बिचकू नका, सेटिंग्जमधली तीच पाच मिनिटं पुन्हा. जुन्या मशीनवर घाईने लिब्रेऑफिस काढलं तेव्हापासून डॉकएक्सवर पांढरं कोरं चित्र दिसत असेल, तर ती नोंद अनाथ झालीय. कंट्रोल पॅनेलमध्ये ऑफिस २०१० वर चेंज आणि मग रिपेअर करा, वर्ड आपली पाटी परत लावून घेईल.

आणखी एक, हे दोन्ही मशीनवर आजच करा. फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दिसू द्या. विंडोज ११ ला व्ह्यू, शो, फाइल नेम एक्स्टेन्शन्स. विंडोज १० ला व्ह्यू टॅबमध्येच टिक आहे. विंडोज ती मुळात लपवून ठेवते, त्यामुळे आपण चित्रावर विसंबतो, आणि चित्र कसं बदलतं ते तुम्ही पाहिलंच. अक्षरं दिसायला लागली की सरांनाही दाखवा: चित्र निळं असो वा पांढरं, नावापुढे डॉकएक्स आहे ना, मग फाइल तीच आहे. मेलमधून "निकाल.पीडीएफ.ईएक्सई" अशी काही आली तर तीही तेव्हाच नजरेस पडेल. ती कशानेच उघडू नका.

लॅपटॉपच्या खोक्यावर काय लिहिलंय ते बघून कळवा. "होम अँड स्टुडंट" निघालं तर वरचं नव्या लॅपटॉपबद्दलचं सगळं उलटं करावं लागेल, ते मग सांगतो.